‘सगळ्याला चालते’ म्हणून शाई विकू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पेपरची रोजची वाचक. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून जवळच माझं झेरॉक्स, प्रिंट आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, दहा बाय दहाचं, अकरा वर्षं झाली आता. गावात माझ्यासारखी दुकानं गल्लोगल्ली आहेत, आणि घराघरात पोरांच्या प्रोजेक्टसाठी टाकीवाला कलर प्रिंटर आलाय, त्यामुळं मी जे लिहितेय ते माझ्या एकटीचं गाऱ्हाणं नाही. प्रिंटरच्या सुट्ट्या शाईबद्दल लिहायचंय. बाजारात ‘युनिव्हर्सल’ म्हणून जी बाटली मिळते आणि विकणारा ‘घ्या की अक्का, सगळ्याला चालते’ म्हणून हातात ठेवतो, त्याबद्दल.

आधी काय झालं ते सांगते. जुलै २०२४, लाडकी बहीणचे फॉर्म सुरू होते, दुकानासमोर सकाळी आठपासून बायकांची रांग, हमीपत्राच्या प्रिंटा, रेशनकार्डाच्या, आधारच्या, पासबुकाच्या प्रिंटा, मान वर करायला वेळ नव्हता. त्यात कॅननच्या जी २०१० मधली काळी शाई संपली. कंपनीची बाटली दोन दुकानांत मिळाली नाही म्हणून कामावरच्या पोरानं लोकल शाई आणली, लिटरची, पांढऱ्या डब्यात, वर फक्त ‘ब्लॅक’ असं स्टिकर. मी विचारलं कॅननला चालते का, तो म्हणाला दुकानदार म्हणतोय सगळ्याला चालते. घातली. प्रिंट आली, जरा फिकट वाटली पण अक्षर सरळ होतं, म्हणून काम पुढं ढकललं.

तिसऱ्या दिवशी अक्कलकोट तालुक्यातल्या एक काकी परत आल्या. एसटीतनं उतरून येईपर्यंत पावसाची सर आलेली, कापडी पिशवीत कागद, पिशवी भिजलेली. त्यांनी कागद काउंटरवर ठेवले आणि मला बघवेना. जिथं जिथं पाणी लागलं होतं तिथं काळा रंग फुटून जांभळट झालेला, नावातली अक्षरं एकमेकांत गेलेली, आडनाव तर वाचताच येत नव्हतं, त्यांचं बोट लागलं तिथं बोटाचा डाग. त्याच पिशवीत त्यांचा मागच्या वर्षी माझ्याकडूनच प्रिंट काढून नेलेला उत्पन्नाचा दाखला होता, तोही भिजलेला, पण त्यावरचं अक्षर जसंच्या तसं काळंभोर. तेच मशीन, तोच कागद, फरक फक्त शाईचा. मी सगळं परत काढून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण त्या बाईचा एक दिवसाचा रोज बुडाला आणि एसटीचं भाडं गेलं. ते मला परत देता आलं नाही.

त्या रात्री मी बसून नीट माहिती काढली, आणि मग मेकॅनिककडं जाऊन समजून घेतलं. जे कळलं ते साध्या शब्दात सांगते, कारण ही गोष्ट दहा वर्षं दुकान चालवूनसुद्धा मला कुणी सांगितली नव्हती.

शाई दोन जातीची. एक डाय, म्हणजे रंग पाण्यात साखरेसारखा पूर्ण विरघळलेला. दुसरी पिग्मेंट, म्हणजे रंगाचे अतिशय बारीक कण पाण्यात तरंगत ठेवलेले, विरघळलेले नाहीत. डायचा रंग कागदात मुरतो, फोटो पेपरवर चमकतो, पण पाणी लागलं की फुटतो. पिग्मेंटचे कण कागदाच्या वरच्या थरात बसतात, वाळले की पाण्याला सहसा दाद देत नाहीत, म्हणून कागदपत्राला पिग्मेंट बरी. आता कॅननच्या जी सिरीजला, जी १०००, २०००, ३००० आणि २०१०, ३०१० ह्यांना जीआय-७९० शाई लागते, आणि त्यात काळी पिग्मेंट आहे पण बाकी तीन रंग डाय आहेत. एकाच मशीनमध्ये दोन जाती. नव्या जी २०२०, ३०२० ला जीआय-७१, तिथंही तसंच. एचपीच्या टाकीवाल्या मशीनला जीटी ५३ काळी, ती पिग्मेंट, आणि जीटी ५२ चे रंग, ते डाय. एपसनच्या एल ३११०, ३१५०, ३२५० ला ००३ शाई, ती चारही रंगांत डाय. जुन्या एल २२०, ३६०, ३८० ला ६६४, तीही चारही डाय. पण त्याच एपसनच्या एल ४१५० आणि ६१६० ला ००१ लागते, त्यात काळी पिग्मेंट. आणि त्यांचंच फक्त काळं छापणारं एम ११००, एम २१४० मशीन, त्याला ००५, ती पिग्मेंट. मग मला सांगा, दुकानात जाऊन ‘एपसनची काळी द्या’ म्हटलं तर नक्की कुठली मागितली? आणि विकणाऱ्यानं ‘युनिव्हर्सल’ म्हणून दिली तर ती ह्यातल्या कुणाशी जुळते?

म्हणजे माझ्या कॅननमध्ये पिग्मेंटच्या जागी डाय गेली होती. मशीन बिघडलं नाही, पण कागद बिघडले, आणि बिघडले ते लोकांच्या घरी गेल्यावर, माझ्या डोळ्याआड.

आता दुसरी चूक, ती माझी स्वतःची. एवढं कळल्यावर मला वाटलं पिग्मेंट चांगली, पाण्यानं जात नाही, तर मग सगळ्याच मशीनमध्ये काळी पिग्मेंट घालू. एल ३११० ची काळी टाकी तळाला आली होती, त्यात मी पिग्मेंट ओतली, लोकलच. डब्यावर पिग्मेंट लिहिलेलं होतं एवढंच बघितलं. पहिले काही महिने झकास चालली. मग मे महिन्यात घरचं लग्न होतं, दुकान आठ दिवस बंद. सोलापूरचा मे तुम्हाला सांगायला नको, पत्र्याखालचं दुकान, बेचाळीस त्रेचाळीसचं ऊन, दुपारी शटरला हात लावला तर चटका बसतो. परत येऊन मशीन चालू केलं, नोझल चेक काढला, म्हणजे भोकाभोकातनं शाई येते का ते दाखवणाऱ्या रेषांचं पान, तर काळ्याच्या निम्म्या रेषा गायब. हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, त्याचं क्लिनिंग दिलं, अजून एक दिलं, सहा वेळा दिलं, शेवटी होत्या त्याही रेषा गेल्या. रंग तिन्ही ठणठणीत, काळी बंद.

मेकॅनिकनं डॅम्पर, म्हणजे नळीतनं येणारी शाई हेडला देणारी छोटी डबी, काढून दाखवला. आत शाई पातळ नव्हती, गाळ होता, आंबलेल्या पिठासारखा बुळबुळीत, टिश्यूवर घेतला तर पाणी बाजूला पसरलं आणि मधे काळे खडे राहिले. त्यानं समजावलं की नळीत आणि डॅम्परमध्ये आधीची डाय होतीच, टाकी रिकामी दिसली म्हणून नळी रिकामी होत नाही, त्यात वरून दुसऱ्या जातीची शाई आली. पिग्मेंटचे कण तरंगत राहावेत म्हणून त्यात जी रसायनं घातलेली असतात ती दुसऱ्या शाईतल्या रसायनांशी जमली नाहीत की कण एकमेकांना चिकटतात आणि गुठळी होते, दूध फाटतं तसं. वर आठ दिवस मशीन बंद आणि हा उन्हाळा. एल ३११० च्या हेडला काळ्यासाठी १८० भोकं आहेत आणि बाकी रंगांना ५९-५९, प्रत्येक भोक केसापेक्षा बारीक. त्यात गुठळी बसली की क्लिनिंगनं निघत नाही, उलट प्रत्येक क्लिनिंगची शाई खालच्या स्पंजात जाते आणि एक दिवस तो स्पंज भरला, ‘पॅड फुल’, म्हणून मशीन लाल दिवे लावून बसतं, ते मी सहा क्लिनिंगमध्ये अजून जवळ आणलं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. पिग्मेंटनं एपसनचं हेड खराब होतंच असं नाही, कंपनीचं एम ११०० त्याच पद्धतीच्या हेडवर पिग्मेंटच छापतं. खराबी झाली ती दोन शाया मिसळल्यानं, धुऊन न घेता बदलल्यानं आणि बंद ठेवल्यानं. म्हणून कुणी ‘पिग्मेंट वाईट’ असं म्हणालं तरी खरं मानू नका. कुठली कशात, एवढाच प्रश्न आहे.

नवीन हेडची किंमत ऐकून मी मशीन भंगारात दिलं, कारण हेड आणि मजुरी मिळून नव्या मशीनच्या जवळ जात होतं. एका डब्यामागं वाचलेले तीन-चारशे रुपये असे गेले.

ह्यावर मी बराच विचार केला की आपल्या लोकांच्या मनात ‘काही होत नाही हो, घाला’ हे इतकं का बसलंय. मला वाटतं ते कार्ट्रिजच्या जमान्यातनं आलंय. तेव्हा एचपीचं ८०२ किंवा कॅननचं ८१० कार्ट्रिज असायचं, त्याला वरून सुईनं भोक पाडून सिरिंजनं शाई भरायची, खाली टिश्यू लावायचा, बोटं काळी करून घ्यायची, आपण सगळ्यांनी केलंय. त्या कार्ट्रिजला हेड स्वतःचं असतं, खालची ती सोनेरी पट्टी आणि भोकांची प्लेट कार्ट्रिजवरच. शाई चुकली तर ते एक कार्ट्रिज जायचं, नवीन घातलं की हेडही नवीन. नुकसान तेवढ्यापुरतं. टाकीवाल्या एपसनला हेड मशीनमध्ये कायमचं बसवलेलं आहे, तिथं शाई चुकली तर मशीनच जातं. कॅननच्या जी सिरीजला आणि एचपीच्या टाकीवाल्याला काळ्याचं वेगळं आणि रंगाचं वेगळं अशी दोन हेडं असतात, ती काढून नवीन घालता येतात, थोडं कमी दुःख, पण फुकट नाही. सवय तीच राहिली आणि मशीन बदललं, असं झालंय.

आणि हेडचं काम करायची पद्धतही वेगळी. एचपी आणि कॅननच्या हेडमध्ये प्रत्येक भोकामागं इवलासा हीटर असतो, तो क्षणात तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि बुडबुडा थेंबाला बाहेर ढकलतो. कॅननवाले म्हणूनच पूर्वी ‘बबल जेट’ म्हणायचे. एपसन आणि ब्रदरमध्ये तापवायचं काम नाही, तिथं विजेनं वाकणारा पिझो स्फटिक असतो, तो शाईला दाबून थेंब काढतो. आता जी शाई तापवायची आहे ती तापून जळता कामा नये, नाहीतर हीटरवर करपलेला थर बसतो, दूध उतू गेल्यावर शेगडीवर बसतो तसा, आणि थेंब निघणं बंद होतं. जी शाई दाबून काढायची आहे तिचा पातळपणा वेगळा लागतो. एकच डबा दोन्हीला ‘चालते’ म्हणणारा माणूस ह्यातलं काही बघून म्हणत नसतो. चालतेही बऱ्याचदा, मी नाही म्हणत नाही, पण किती दिवस आणि कुणाच्या जबाबदारीवर?

आपल्या सोलापूरला तर अजून एक तिसरी जात आहे जी बाकी गावात एवढी नसेल, सब्लिमेशनची शाई. युनिफॉर्मचा धंदा मोठा, शाळेचे बॅज, खेळाचे टी-शर्ट, कॉफीचे मग, कीचेन छापणारे घरोघरी झालेत, आणि ते सगळे एपसनच्याच साध्या मशीनमध्ये सब्लिमेशन घालून चालवतात. बाटली दिसायला अगदी तशीच. ही शाई कागदावर छापली की मळकट दिसते, मग तो कागद कपड्यावर ठेवून १८०-२०० डिग्रीच्या हीट प्रेसमध्ये दाबला की रंगाची वाफ होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते आणि तिथंच राहते. पॉलिस्टरमध्येच. सुतात नाही. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं नवीन प्रेस आणला, लग्नाच्या आहेरासाठी टॉवेलवर नवरा-नवरीचं नाव छापून देतो म्हणून ऑर्डर घेतली, आपला सोलापुरी टॉवेल, निव्वळ सुती, भौगोलिक मानांकन मिळालेला. प्रेसमधनं काढल्यावर नाव दिसत होतं, फोटोही टाकला स्टेटसला. पहिल्या धुण्यात नाव फिकं पडलं, दुसऱ्यात गेलं. त्याला शाई विकणाऱ्यानं एका शब्दानं विचारलं नव्हतं की कशावर छापणार. बिचाऱ्यानं पन्नास टॉवेल स्वतःच्या खर्चानं बदलून दिले. आणि हीच बाटली चुकून साध्या कागदपत्राच्या मशीनमध्ये गेली तर फोटोतली माणसं राखेच्या रंगाची दिसतात, हे मी डोळ्यानं बघितलंय.

आता कुणी म्हणेल की मग कंपनीचीच घ्या, कशाला लोकल. मी ते म्हणणार नाही. पासपोर्ट फोटोला आणि रंगीत प्रोजेक्टला पोरांकडनं किती घेणार? दिवसाला तीनशे चारशे प्रिंट काढणाऱ्याला लोकल शाई ही गरज आहे, चैन नाही. आणि टाकीवाली मशीनं आली तीच मुळात आपल्यासारख्या लोकांमुळं. लोक बाहेरून बाटल्या आणि नळ्या लावून कार्ट्रिजवाली मशीनं चालवायला लागले होते, आपल्याकडंही अशा बाटल्या-नळ्यांचे, ‘सीआयएसएस’चे, किट घालून द्यायचे, ते बघून एपसननं २०१० ला इंडोनेशियात पहिल्यांदा स्वतःच टाकी लावलेलं मशीन विकायला काढलं, मग बाकीच्या आल्या. त्या आधी आणि त्या नंतरही कंपन्यांनी बाहेरची शाई अडवायचा प्रयत्न केलाच आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट मशीननी एका दिवसात बाहेरची कार्ट्रिजं नाकारायला सुरुवात केली, लोक ओरडले, कंपनीला माफी मागून ते बंद करायचा पर्याय द्यावा लागला. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणानं २०२० ला एचपीला ह्याच प्रकारासाठी १ कोटी युरोचा दंड केला. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं मे २०१७ मध्ये लेक्समार्क ह्या प्रिंटर कंपनीच्या टोनरच्या, म्हणजे लेझर प्रिंटरच्या पावडरच्या, केसमध्ये सांगितलं की एकदा वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला, घेणारा ती परत भरू शकतो. म्हणून रिफिल करणं ही चोरी नाही आणि लाजायची गोष्टही नाही. माझं भांडण रिफिलशी नाही, नाव न लिहिलेल्या बाटलीशी आहे.

कारण चांगली लोकल शाईही आहे. माझ्या एल ३८० मध्ये, जिला ६६४ लागते, मी दीड वर्षं झालं ००३ च्या जातीची डाय घालतेय, दोन्ही चारही रंगांत डाय, एकच पिझो पद्धत, आजपर्यंत एक नोझल गेलं नाही आणि रंगातला फरक गिऱ्हाइकाला दिसलेला नाही. कंपनी असं करा म्हणत नाही, हे मी माझ्या जबाबदारीवर करते. पण मी ते करू शकले कारण त्या बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं होतं, डाय, अमुक नंबरच्या जागी, अमुक महिन्यात भरलेली. लिहिलेलं असलं की माणूस निर्णय घेऊ शकतो. फोटोच्या एल ८०५ मध्ये मात्र मी हा प्रयोग करत नाही, तिथं ६७३ चे सहा रंग, फिका निळा आणि फिका गुलाबी वेगळा, आणि लोकल गुलाबी जरा जरी तेज असला तरी माणसाचा चेहरा ताप आल्यासारखा लालबुंद येतो. लग्नाच्या बायोडाटाला तसला फोटो कोण लावेल.

आता मागणं काय ते सांगते. पॅकबंद मालावर काय लिहायचं ह्याचे नियम आपल्याकडं आहेत, वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम २०११. त्यात बनवणाऱ्याचं किंवा भरणाऱ्याचं नाव-पत्ता, माप, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क, हे सगळं डब्यावर पाहिजे. माझ्या त्या पांढऱ्या डब्यावर ह्यातलं एकही नव्हतं. ‘ब्लॅक’ एवढंच. म्हणजे नवीन कायद्याची वाट बघायची गरजच नाही, आहे तो नियम वजनमापे खात्यानं सोलापुरातल्या शाईच्या डब्यांना एकदा लावून बघावा. खातं पेट्रोल पंप बघतं, किराणा दुकानाचा काटा बघतं, तसं एकदा कॉम्प्युटरच्या सामानाच्या दुकानातही चक्कर टाकावी.

पण त्या नियमात डाय की पिग्मेंट हे लिहायची सक्ती नाही, आणि खरी अडचण तिथं आहे. ते लिहिणं सक्तीचं व्हावं, मोठ्या अक्षरात, मराठीतही, आणि कंपनीच्या कुठल्या नंबरच्या जागी चालते ते नंबर घालून लिहावं. ‘ऑल इंकजेट’ असं लिहायला बंदी करावी. आणि मोठ्या कंपन्यांनीही एवढं करावं की टाकीच्या झाकणाजवळ ती शाई कुठल्या जातीची आहे ते छापावं. माझ्या आज चालू असलेल्या तिन्ही मशीनच्या टाकीवर रंगाची खूण आहे, शाईची जात कुठंच नाही. कंपनीला त्यात काय खर्च आहे? काही नवीन बाटल्यांची तोंडं त्यांनी प्रत्येक रंगाला वेगळी केली की चुकीचा रंग चुकीच्या टाकीत जाऊ नये, एवढा विचार करता येतो तर चार अक्षरं छापता येतीलच की.

दुकानदारांना एक विनंती, माझ्याच धंद्यातली माणसं आहात म्हणून सांगते. लिटरच्या डब्यातनं छोट्या बाटल्या भरून विकता ते मला माहितीय, पण त्या बाटलीवर वरच्या नियमातल्या गोष्टींबरोबर पेननं का होईना जात आणि तारीख लिहा. आणि गिऱ्हाईक आलं की आधी मॉडेल विचारा. मॉडेल न विचारता शाई देणारा माणूस म्हणजे रोग न विचारता गोळी देणारा. बिल मागितलं तर द्या. बिल नसलं की पुढं गिऱ्हाईक कुठं जाणार? १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावायला तरी हातात कागद पाहिजे ना. माझ्याकडं नव्हता, म्हणून मी कुठंच गेले नाही.

आणि वाचकांसाठी, घरी प्रिंटर असणाऱ्यांसाठी, मी आता दुकानात जे करते ते लिहिते. कुठलीही नवीन शाई आली की टिश्यू पेपरवर तिचा एक थेंब टाकते आणि वाळू देते. मग शेजारी पाण्याचा एक थेंब सोडते. डाय असली तर पाणी पोचताक्षणी रंग त्याच्याबरोबर पळतो, कडेला निळसर जांभळट किनार येते, काळ्यातनं वेगवेगळे रंग सुटलेले दिसतात. पिग्मेंट असली तर मधला डाग जागेवर राहतो, पाणी नुसतं बाजूनं पसरतं. दोन मिनिटांचं काम आहे. त्यानंतर काचेच्या स्वच्छ वाटीत टाकीतली जुनी शाई सिरिंजनं थोडी काढायची, तेवढीच नवीन घालायची, हलवायची आणि झाकून रात्रभर ठेवायची. सकाळी वाटी तिरकी करून बघायची. काचेवरनं शाई सरसर उतरली, मागं कण राहिले नाहीत, तळाला साका नाही, तर पुढं जायला हरकत नाही. गुठळी दिसली, काचेवर चहाच्या भुकटीसारखे कण चिकटले, तर ती शाई टाकीत जाता कामा नये. नसलंच दिसलं काही तरी वर्षभर चालेल ह्याची ती हमी नाही, पण माझ्या एल ३११० च्या वेळेला मी ही वाटी ठेवली असती तर ते मशीन आज माझ्या टेबलावर असतं.

जात बदलायचीच असली तर मेकॅनिककडनं टाकी, नळ्या, डॅम्पर सगळं धुऊन घ्या आणि धुवायला डिस्टिल्ड वॉटरच वापरा, बॅटरीत घालतात ते. आपल्या बोअरचं पाणी नको, ह्या पाण्यानं गिझरची कॉइल पांढरी होते, त्या भोकांचं काय होईल. सुट्टीला जाणार असाल तर जाण्याआधी आणि आल्यावर लगेच एक रंगीत पान काढा, आणि उन्हाळ्यात मशीन आठवडाभर बंद ठेवू नका, शेजाऱ्याला चावी देऊन एक पान काढायला सांगा. क्लिनिंग दोनदा देऊन फरक नाही पडला तर तिसऱ्यांदा देऊ नका, थांबा आणि माणसाला दाखवा.

दाखल्यांच्या बाबतीत अजून एक. दाखला, सातबारा, हमीपत्र, मार्कशीटची प्रिंट जिथनं काढाल तिथं विचारा की ही लेझरची आहे की इंकची, आणि इंकची असली तर काळी कुठली आहे. विचारलं म्हणून आम्हाला राग येत नाही. माझ्याकडं आता प्रत्येक मशीनवर मार्करनं लिहून चिकटवलंय, कॅननवर ‘काळी पिग्मेंट, रंग डाय’, एपसनवर ‘सगळे रंग डाय’, आणि कागदपत्र फक्त पहिल्यावर काढायची असं पोराला सांगून ठेवलंय. त्या अक्कलकोटच्या काकी गेल्या महिन्यात नातीच्या शाळेच्या कागदासाठी आल्या होत्या. त्यांनी प्रिंट हातात घेतली, काही न बोलता बोट जिभेला लावून ओलं केलं आणि कोपऱ्यातल्या अक्षरावरनं फिरवलं. अक्षर हललं नाही, मग त्यांनी पैसे काढले.

जागेअभावी पत्र कापावं लागलं तर माझी कहाणी कापा, पण टिश्यू आणि वाटीचा भाग तेवढा ठेवा, आणि डब्यावर काय लिहिलेलं पाहिजे तो भाग. आपल्या बातमीदारांपैकी कुणाला तो ‘ब्लॅक’ लिहिलेला डबा बघायचा असेल तर तो मी टाकून दिलेला नाही, अर्धा भरलेला दुकानात आहे.

आपली नम्र,
एक झेरॉक्स दुकानदार,
पूर्व भाग, सोलापूर